मोटारीचे दिवे, डिकी आणि बॉनेट : सुरक्षित हाताळणीचा पाठ

मोटार चालविण्याचे शिक्षण घेताना आपण क्लच, गिअर आणि ब्रेक शिकतो; वळण घेणे, चढावर गाडी थांबविणे, मागे घेणे शिकतो. डिकी आतून कशी उघडावी, बॉनेटचा दुसरा खटका कोणत्या बाजूस सरकतो, दिव्यांचा झोत खाली कसा आणावा, या गोष्टी मात्र बहुतेकांना कोणी शिकवीत नाही. त्या गरज पडेल तेव्हा शोधल्या जातात, आणि ती गरज बहुधा रात्री, भर पावसात किंवा घाबरलेल्या मनःस्थितीत उद्भवते. चालत्या गाडीपासून सांभाळून राहावे हे प्रत्येकास ठाऊक असते. उभ्या गाडीची भीती कोणालाच वाटत नाही. भाजणे, बोटे चेंगरणे, गुदमरणे आणि उष्माघात हे अपघात मात्र उभ्या गाडीतच घडतात.

हा पाठ जबलपूरच्या मदन महल परिसरातील मराठी वाचकांना समोर ठेवून लिहिला आहे. तो इतरत्रही तितकाच उपयोगी पडेल. जबलपूर आणि नागपूर ही शहरे 1956 पर्यंत एकाच प्रांतात होती. राज्ये वेगळी झाली, तरी अनेक घरांची नाती आजही दोन्हीकडे आहेत, आणि सुटी लागली की सुमारे 270 किलोमीटरच्या या प्रवासासाठी गाड्यांच्या डिक्या भरल्या जातात. मदन महलची भूमी टेकडीची आहे. गोंड राजांच्या गढीखालच्या उतारावरील वस्त्यांत घरासमोर सपाट जागा मिळणे सोपे नाही. उन्हाळ्यात पारा 42 अंशांपलीकडे जातो आणि हिवाळ्याच्या पहाटे धुके दाटते. येथे गाडी बाळगणाऱ्याने या तिन्ही गोष्टींचा विचार करावयास हवा.

प्रारंभी एक सराव सांगतो. एखाद्या सकाळी, उजेडात, गाडी सपाट जागी उभी करावी. इंजिन बंद व थंड असावे, हँडब्रेक ओढलेला असावा. घरातील सर्व प्रौढांना, गाडी न चालविणाऱ्यांनाही, बोलवावे. गाडीसोबत मिळालेली माहितीपुस्तिका जवळ ठेवावी आणि प्रत्येकाने आपल्या हाताने डिकी, बॉनेट व दिवे हाताळून पाहावेत. अर्धा तास पुरतो. आजीने बॉनेट उघडावयाचे काय कारण, असा प्रश्न विचारला जाईल. कारण असे की, गाडीत नातवंड अडकल्याचे प्रथम आजीच्याच लक्षात येण्याचा संभव असतो, आणि त्या वेळी किल्ली तिच्या हाती असेल.

डिकी

जून 2023 मध्ये नागपुरातील पाचपावली पोलीस ठाण्याच्या हद्दीत तीन लहान मुले शनिवारी दुपारी खेळावयास म्हणून घराबाहेर पडली आणि परतली नाहीत. शोध सुरू झाला. दुसऱ्या दिवशी सायंकाळी घरापासून थोड्याच अंतरावर उभ्या असलेल्या एका मोटारीत त्यांचे मृतदेह आढळले. तिघांचेही वय सहा वर्षे किंवा त्याहून कमी होते.

बंद गाडीत नेमके काय घडते, हे समजून घेतले पाहिजे. सूर्याचा प्रकाश काचांतून आत येतो. आसने आणि डॅशबोर्ड तापतात. ती उष्णता बाहेर पडू शकत नाही. पहिल्या दहा मिनिटांतच आतील हवा बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे 10 अंश सेल्सिअसने अधिक तापते आणि तासाभरात हा फरक 20 अंशांच्या पुढे जातो. काच बोटभर उघडी ठेवल्याने यात फारसा फरक पडत नाही. लहान मुलाचे शरीर प्रौढाच्या तीन ते पाच पट वेगाने तापते, कारण वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ अधिक असते आणि घामावाटे शरीर थंड ठेवण्याची त्याची क्षमता पुरती विकसित झालेली नसते. शरीराच्या आतील तापमान 40 अंशांवर गेले की उष्माघाताची अवस्था सुरू होते. मूल प्रथम सुस्तावते, मग बरळते, मग निपचित पडते. ते ओरडत राहील आणि आपल्याला ऐकू येईल, या समजुतीवर विसंबू नये.

मूल आत जाते कसे? लपाछपी खेळताना उघडी डिकी ही मुलांना उत्तम जागा वाटते. झाकण खेचले की ते आपोआप अडकते. अनेक गाड्यांची डिकी आतून उघडण्याची सोय नसते. मागच्या आसनावर बसलेल्या मुलाचीही तीच गत होते : मागील दारांचे ‘चाइल्ड लॉक’ लावलेले असेल तर आतली कडी ओढूनही दार उघडत नाही. जी सोय चालत्या गाडीत मुलाचे रक्षण करते, तीच उभ्या गाडीत त्याला कोंडते.

अमेरिकेत 1 सप्टेंबर 2001 पासून तयार होणाऱ्या, बंद डिकी असलेल्या मोटारींत अंधारात चमकणारी आणि आतून खेचता येणारी कळ असणे सक्तीचे झाले. आपल्या गाडीत तशी कळ आहे काय, हे वर सांगितलेल्या सरावाच्या वेळी पाहावे. असेल तर मुलांना ती दाखवावी आणि ओढून पाहू द्यावी. नसेल तर मागील आसनाची पाठ कशी दुमडते हे शिकून घ्यावे. अनेक गाड्यांत पाठीच्या वरच्या टोकाशी असलेला खटका ओढला की पाठ पुढे पडते आणि डिकीत पोहोचता येते. डिकीचे कुलूप अडकले, तर हाच मार्ग उरतो. बॅटरी उतरली असता विजेवर चालणारी डिकी बटणाने उघडत नाही आणि रिमोटही निरुपयोगी ठरतो. रिमोटच्या आत बहुधा एक लहान धातूची किल्ली दडविलेली असते. ती कशी बाहेर काढावी हे सहसा केवळ गाडी घेणाऱ्यास, तेही पहिल्या आठवड्यापुरतेच, ठाऊक असते.

गाडी उभी केल्यावर, ती आपल्याच अंगणात असली तरी, दारे व डिकी कुलूपबंद करावी. किल्ली मुलांच्या हाती लागणार नाही अशा उंचीवर टांगावी आणि खेळणे म्हणून ती कधीही देऊ नये. गाडीतून उतरताना मागील आसनाकडे वळून पाहण्याची सवय लावावी. झोपी गेलेले बाळ मागच्या आसनावर राहून जाणे हे निष्काळजी पालकांच्याच हातून घडते, असे मानणे चुकीचे आहे. रोजचा क्रम बदलला, मन दुसरीकडे असले, की कोणाच्याही हातून घडू शकते. म्हणून आपली पिशवी किंवा मोबाइल मागच्या आसनावर बाळाशेजारी ठेवावा, म्हणजे तो घेण्यासाठी मागे वळावेच लागेल. थोड्या मोठ्या मुलांना एक गोष्ट शिकवून ठेवावी : आत अडकलास तर पुढच्या आसनावर ये आणि हॉर्न दाबून धर. बहुतेक गाड्यांचा हॉर्न किल्ली नसतानाही वाजतो. आपल्या गाडीचा वाजतो काय, हे मुलादेखतच तपासावे.

आणि मूल दिसेनासे झाले, तर विहीर, टाकी व रस्ता यांबरोबरच आसपासच्या प्रत्येक उभ्या गाडीत, डिकीसकट, तत्काळ पाहावे. शेजाऱ्याची, अनोळखी माणसाची, महिनोन्महिने धूळ खात पडलेली, कोणतीही गाडी वगळू नये.

बंद गाडीत मूल दिसले आणि ते प्रतिसाद देत नसेल, तर मालकाची वाट पाहू नये. मुलापासून सर्वांत दूर असलेल्या बाजूच्या खिडकीची काच कोपऱ्यात आघात करून फोडावी. समोरची काच दोन थरांची असते. ती फोडण्यात वेळ दवडू नये. मुलास सावलीत आणावे, कपडे काढावेत, अंगावर साधे गार पाणी ओतावे आणि वारा घालावा. मान, काखा व जांघा येथे ओल्या घड्या ठेवाव्यात. 108 किंवा 112 या क्रमांकावर दुसऱ्या कोणीतरी त्याच वेळी दूरध्वनी करावा. शुद्ध नसलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालू नये. तापावरचे औषध येथे उपयोगी नाही, कारण हा ताप नव्हे. श्वास थांबला असेल आणि आपणांस प्रशिक्षण मिळालेले असेल, तर छातीवर दाब देण्यास लगेच आरंभ करावा.

डिकीविषयी आणखी दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. सामान मावत नाही म्हणून झाकण अर्धे उघडे ठेवून, दोरीने बांधून गाडी चालविण्याचा प्रघात आहे. तो धोक्याचा आहे. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि धुराड्यातून निघालेला धूर उघड्या डिकीतून आत खेचला जातो. त्यातील कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जोडला जातो. डोके दुखणे, मळमळ, गुंगी ही त्याची लक्षणे आहेत, आणि प्रवासात ती लक्षणे ‘गाडी लागली’ म्हणून सहज दुर्लक्षिली जातात. सर्वांना एकाच वेळी डोकेदुखी झाली तर गाडी थांबवावी, सर्वांनी उतरून मोकळ्या हवेत यावे आणि वैद्यकीय मदत घ्यावी.

दुसरी गोष्ट उताराची. उतारावर उभ्या गाडीचे मागचे झाकण कोठे तोलून थांबेल, याचा नेम नसतो. गॅसचे आधार जुने झाले असतील तर ते अवचित डोक्यावर येते. टेकडीच्या वस्त्यांत शक्यतो सपाट जागा शोधूनच सामान भरावे. ते शक्य नसेल, तर हँडब्रेक ओढून चाकामागे दगड लावावा आणि एकाने झाकण धरून ठेवावे. झाकण लावण्यापूर्वी मुलांचे हात कोठे आहेत ते पाहावे आणि मगच ते खाली आणावे.

बॉनेट

बॉनेटला दोन खटके असतात. पहिला चालकाच्या पायाजवळ, डॅशबोर्डखाली असतो. तो ओढला की बॉनेट बोटभर वर येते. दुसरा बॉनेटच्या पुढच्या कडेखाली असतो आणि तो बोटांनी चाचपून सरकवावा लागतो. पहिला चुकून ओढला गेला तरी वाऱ्याने बॉनेट उडू नये, म्हणून दुसरा आहे. पुष्कळांना तो सापडत नाही आणि ते जोर लावतात. तसे करू नये. सरावाच्या दिवशी खाली वाकून त्याची जागा डोळ्यांनी पाहून घ्यावी. बॉनेट उचलल्यावर आधाराचा दांडा त्याच्यासाठी असलेल्या खाचेतच बसवावा. इंजिन तापलेले असताना हा दांडाही चटका देतो. त्याला बहुधा रबराची मूठ असते, तेथेच धरावे. जोराच्या वाऱ्यात किंवा तीव्र उतारावर बॉनेट उघडणे टाळावे.

उघडण्यापूर्वी इंजिन बंद करावे आणि किल्ली आपल्या खिशात ठेवावी. साडीचा पदर, ओढणी, गळ्यातील लांब दागिना, मफलर, मोकळे केस हे आधी आवरून घ्यावेत. रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो आणि अनेक गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही तापमान वाढले की तो स्वतःहून फिरू लागतो. थांबलेल्या पंख्याजवळ बोट नेणे म्हणूनच घातक ठरते.

इंजिन तापून वाफ येऊ लागली, तर गाडी कडेला घ्यावी, इंजिन बंद करावे आणि सर्वांना कुंपणापलीकडे सुरक्षित जागी बसवावे. वाफ बॉनेटच्या फटींतून येत असेपर्यंत बॉनेट उघडू नये. त्यानंतरही रेडिएटरचे किंवा कूलंटच्या टाकीचे झाकण निदान अर्धा तास तरी उघडू नये. आत द्रव दाबाखाली असतो. त्यामुळे 100 अंशांच्या वर जाऊनही तो उकळत नाही. झाकण सैल होताच दाब सुटतो आणि तो द्रव क्षणात उकळून चेहऱ्यावर व छातीवर उडतो. झाकणावर ओला कपडा टाकला की धोका टळतो, हा समज खरा नाही. कपडा कदाचित हात वाचवील, पण चेहरा वाचविणार नाही. घाई असली, लग्नाचा मुहूर्त साधावयाचा असला, तरी हा अर्धा तास द्यावाच लागतो.

भाजलेच, तर त्या भागावर वीस मिनिटे वाहते गार पाणी सोडावे. अंगठी, बांगड्या, घड्याळ सूज येण्यापूर्वी काढावे. कातडीला चिकटलेला कपडा ओढू नये. हळद, टूथपेस्ट, शाई, तूप, बर्फ यांपैकी काहीही लावू नये. स्वच्छ, कोरड्या कापडाने सैल झाकून रुग्णालय गाठावे. चेहरा, डोळे, हात किंवा सांधे भाजले असतील तर भाजलेला भाग लहान दिसत असला तरी डॉक्टरांना दाखवावे. मदन महल परिसरातून नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय जवळ आहे.

बॅटरीत गंधकाम्ल असते आणि तिच्यातून पेट घेणारा हायड्रोजन वायू सुटतो. तिच्याजवळ काडी वा सिगारेट पेटवू नये. अंधारात पाहावयाचे असल्यास टॉर्च वापरावा. आम्ल डोळ्यांत उडाल्यास पापण्या उघड्या धरून किमान वीस मिनिटे पाण्याने धुवावे आणि मग रुग्णालयात जावे. धुणे आधी, जाणे नंतर. हिवाळ्याच्या रात्री मांजर किंवा तिची पिले इंजिनाच्या उबेला येऊन बसतात. सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर दोन थापा माराव्यात.

बॉनेट लावताना दांडा आधी जागी बसवावा आणि आत फडके किंवा पाना विसरला नाही ना ते पाहावे. मग बॉनेट वीतभर उंचीवर आणून सोडून द्यावे. कड बोटांनी उचलून पाहावी. ती हलली तर पुन्हा लावावे. चालत्या गाडीत बॉनेट उघडून काचेवर आलेच, तर जोराने ब्रेक दाबू नये. धोक्याचे चारही दिवे लावावेत, बॉनेटखालच्या फटीतून व बाजूच्या खिडकीतून रस्ता पाहत हळूहळू वेग कमी करावा आणि गाडी डाव्या कडेला घ्यावी.

दिवे

मदन महल ते दमोह नाका हा सुमारे 7 किलोमीटरचा उड्डाणपूल ऑगस्ट 2025 मध्ये वाहतुकीस खुला झाला. अशा प्रकाशित रस्त्यावर एक चूक सहज होते. नव्या गाड्यांचे पुढचे दिवसाचे दिवे आपोआप जळत असतात, डॅशबोर्डही उजळलेला असतो आणि रस्ताही स्पष्ट दिसतो. त्यामुळे मुख्य दिवे लावण्याचे राहूनच जाते. मागचे लाल दिवे मात्र या स्थितीत बहुतेक गाड्यांत बंद असतात. आपल्याला सर्व दिसते आणि मागून येणाऱ्यास आपण दिसत नाही. सूर्यास्तानंतर दिव्यांची कळ स्वतः फिरवावी आणि एकदा उतरून मागचे दिवे लागले आहेत याची खात्री करावी.

समोरून वाहन येताच, तसेच कोणाच्या मागे जाताना, झोत खाली घ्यावा. ज्याला आपण डिपर देणे म्हणतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 यांतील नियम 106 असे सांगतो की, दिव्यापुढे 8 मीटरवर, जमिनीपासून 1.5 मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसास तो दिपवणारा नसावा. दीड मीटर ही साधारण उभ्या माणसाच्या डोळ्यांची उंची होय. दिपलेल्या डोळ्यांना पुन्हा अंधार दिसू लागण्यास काही सेकंद लागतात, आणि ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी दोन सेकंदांत 33 मीटर पुढे जाते. तेवढ्या अंतरात रस्ता ओलांडणारा माणूस चालकाला दिसत नाही. आपल्यावर झोत आला तर त्याला झोतानेच उत्तर देऊ नये. वेग कमी करावा आणि नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवावी.

येथे डिकीचा संबंध पुन्हा येतो. डिकीत जड सामान भरले की गाडी मागे दबते, पुढचे नाक वर उठते आणि खाली घेतलेला झोतही समोरच्याच्या डोळ्यांत शिरतो. अनेक गाड्यांत स्टिअरिंगजवळ 0 ते 3 आकड्यांचे एक लहान चक्र असते. आकडा वाढविला की झोत खाली येतो. ते कशासाठी आहे हे फार थोड्यांना ठाऊक असते. सामान भरल्यावर भिंतीसमोर गाडी उभी करून ते फिरवून पाहावे. बाजारात मिळणारे अधिक शक्तीचे बल्ब लावू नयेत. ते इतरांना दिपवतात, आणि मूळ तारांवर भार येऊन त्या पेट घेऊ शकतात. बल्ब बदलताना दिवे बंद करून तो निवू द्यावा.

वयपरत्वे दिपणे वाढते. दिव्यांभोवती वलये दिसणे, रात्री समोरचा प्रकाश असह्य होणे ही मोतीबिंदूची आरंभीची लक्षणे असू शकतात. ‘मला दिवसा सगळे दिसते’ असे म्हणून ती टाळू नयेत. 1976 पासून चालू असलेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमांतर्गत शासकीय रुग्णालयांत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया विनामूल्य होते. शस्त्रक्रिया होईपर्यंत रात्रीची गाडी दुसऱ्याच्या हाती द्यावी.

धुक्यात झोत वर ठेवल्यास पांढरी भिंतच दिसते. तो खालीच असावा. धोक्याचे चारही दिवे गाडी थांबली असता वा बिघडली असता वापरावयाचे आहेत. पावसात ते लावून धावत राहिल्यास आपण कोणत्या बाजूस वळणार हे मागच्यास कळत नाही. लखनादौनच्या पुढे शिवनीवरून नागपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 44 पेंचच्या अरण्यालगत जातो. तेथे प्राण्यांसाठी पुलाखालून वाटा ठेवल्या असून, गाड्यांचा प्रकाश व आवाज अडविण्यासाठी कडेला उंच भिंती उभारल्या आहेत. अशा टप्प्यात विनाकारण थांबू नये. थांबावेच लागले तर चारही दिवे लावावेत, प्रवाशांना रस्त्यापासून दूर न्यावे, परावर्तक त्रिकोण मागे पुरेशा अंतरावर ठेवावा आणि 1033 या महामार्ग मदत क्रमांकावर कळवावे. वाटेत दुसऱ्या कोणाची गाडी अपघातग्रस्त दिसली तर मदत करताना कायद्याची भीती बाळगू नये. मोटार वाहन कायद्याचे कलम 134अ सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण देते.

परावर्तक त्रिकोण, टॉर्च आणि दिव्यांच्या काचा पुसण्याचे फडके डिकीच्या तळाशी, सामानाखाली ठेवू नये. ते चालकाच्या आसनाखाली किंवा दाराच्या कप्प्यात, हात पोहोचेल असे ठेवावे.